मापात न बसलेला पांढरा कोट

पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात चित्रकार मोनेच्या कमळांच्या चित्रांपाशी माणसांची रीघ असते. खालच्या मजल्यावर ती विरळ होते. तिथे चित्रकार शाइम सुतीनचं 'ल पती पातिसिए' (छोटा पेस्ट्रीवाला) हे चित्र आहे. केक-पेस्ट्रीच्या दुकानात राबणारा हा पोरगा सुतीनने १९२२-२३च्या सुमारास रंगवला.

बहुतेक जण आधी त्याचा चेहरा बघतात: लांबुडका, वाकडातिकडा, कान भलेमोठे. मग म्हणतात, बिचारा. मी शिंप्याची मुलगी आहे, माझं लक्ष आधी कपड्यांवर गेलं. कोट त्याच्या मापाचा नाहीच. खांदे उतरलेत, मुंढा सैल आहे, कापड पोटाशी गोळा झालंय. गिऱ्हाईक असा कोट घालून दुकानात आलं असतं, तर बाबांनी आधी टाचण्या मागितल्या असत्या. हा गणवेश याच्यासाठी शिवलेलाच नाही, असं मला वाटतं. याच्या आधी कुणीतरी तो वापरला असेल, पुढेही कुणीतरी वापरेल.

सुतीनला हे दिसणारच. मिन्स्कजवळच्या स्मिलाविची गावातल्या गरीब ज्यू घरात तो १८९३ साली जन्मला. वडील जुने कपडे दुरुस्त करायचे. कापड अंगावर कुठे ओढलं जातं आणि कुठे लोंबतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. म्हणूनच या कोटात नुसता पांढरा रंग जवळजवळ नाहीच. पिवळा, निळा, हिरवट, राखाडी, सगळे एकमेकांत घुसळलेत. चेहऱ्याइतकीच मेहनत त्याने त्या कापडावर घेतली आहे.

सुतीनने असे पेस्ट्रीवाले बरेच रंगवले, शिवाय वेटर, हॉटेलातले हरकामे. त्यातलाच एक पेस्ट्रीवाला पाहून अमेरिकन संग्राहक आल्बर्ट बार्न्स भारावला आणि त्याने सुतीनची पन्नासेक चित्रं एकदम घेतली. चित्रकाराची उपासमार संपली.

आता तो लाल रुमाल. पोराने तो दोन्ही हातांत धरलाय, बरोबर पोटापुढे. काही जणांना त्यात जखम दिसते. मला नाही पटत. रुमाल गणवेशाचा भाग वाटत नाही. एवढ्या परक्या कापडात तेवढा एक तुकडा त्याचा स्वतःचा असावा, आणि तो त्याने घट्ट धरलाय. याला बिचारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला तो हट्टी वाटतो. 'झालं का तुमचं? मला कामं आहेत,' असं चित्रकाराला विचारणारा.