डोळा कशानं धुते, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, एसटीत, पालकसभेत, परवा तर पिठाच्या गिरणीत. कुणीतरी जवळ येतं, आवाज उतरवतं आणि विचारतं, “मॅडम, तुमचा तो नकली डोळा कशानं धुता? कडुलिंबाचा पाला, हळद असलं काही चालतं का? केमिकल नको वाटतं.” विचारणाऱ्याच्या घरात कुणाचा तरी डोळा गेलेला असतो, म्हणून विचारण्याचा राग येत नाही. मी ‘साबण आणि पाणी’ म्हणाले की समोरचा चेहरा पडतो, त्यानं जीव वैतागतो. वाटतं, यांना मी काही लपवतेय असं वाटतंय. थोडं लपवतेच आहे. म्हणून एकदाचं लिहिते.

माझा खरा डोळा कसा गेला ते आधी सांगते. तुऱ्हाटीचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचं, टोक लागलं, आणि मग मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले. जखमेत बुरशी शिरलेली असली की त्या थेंबांनी वरची लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं होतं. माझा डोळा बुरशीनं नेला, तेव्हा नव्या डोळ्याला ती शिवू द्यायची नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गावात याला अजून काचेचा डोळा म्हणतात. काचेचे डोळे जर्मनीहून यायचे. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेत मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या दंततंत्रज्ञांनी कवळीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे डोळे करून दिले. माझाही ॲक्रिलिकचाच. त्यामुळे कवळीची दुखणी याच्याही वाट्याला आली. कँडिडा नावाची बुरशी कवळीला धरते तशी यालाही धरते, बारीक ओरखड्यांत बसते, वर बुळबुळीत थर करते आणि त्या थराखाली औषधही नीट पोचत नाही.

डोळा बसवून देणाऱ्यांनी साबण-पाणीच सांगितलं होतं. पण मी विज्ञान शिकवते, वाचत बसले. हळदीतलं कर्क्युमिन, लवंगेतलं युजेनॉल, टी ट्री तेल, कडुलिंबाचा अर्क, प्रयोगशाळेत यांनी कँडिडाला आवर घातलेला. ब्राझीलमध्ये तर खास कृत्रिम डोळ्याच्या ॲक्रिलिकवर सिट्रोनेला गवताचे आणि हायड्रास्टिस या वनस्पतीचे अर्क तपासलेत. हायड्रास्टिसमधलं बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असतं. हे वाचलं की ऊर भरून येतो. हळद मी एकदाच वापरली, डोळ्याचं पांढरं कावीळ झाल्यासारखं दिसायला लागलं. लवंगेचं तेल नीट धुऊनही खोबणीत मिरचीसारखं झोंबलं. राहिला कडुलिंब, आमच्याकडे त्याला नुसता लिंबच म्हणतात. 2007 पासून नऊ वर्षं मी साबणानंतर लिंबाच्या पाण्यात डोळा ठेवला. काही झालं नाही.

मग 2016 चा उन्हाळा आला. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तोच. माझ्या चुलत जावेचा मुलगा अकरा वर्षांचा, विटी लागून डोळा गेलेला, मार्चमध्ये नवा बसवलेला. मी त्याला समोर बसवून शिकवलं: पाला उकळायचा, गाळायचा, गार झाला की त्यात डोळा दहा मिनिटं. रोज. पाडवा नुकताच झाला होता, दारातल्या लिंबाला कोवळी पालवी होती, सगळं रान करपलेलं आणि तेवढं एक झाड हिरवं. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

रोज नवं पाणी करायचं, हे मी बोलले होते का? आठवत नाही. दहा वर्षं आठवतेय.

टँकर आठ दिवसांनी यायचा. जावेनं तांब्याभर पाणी उकळलं, थंड पेयाच्या बाटलीत भरलं आणि चार-पाच दिवस पुरवलं. तिचं काय चुकलं? त्या घरात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला जात होतं. मे महिन्यात पोरगं रुमाल लावून माझ्या दारात उभं राहिलं. पापणी टम्म सुजलेली, पिवळा पू, आणि वास. जाऊ रोजगार हमीच्या कामावर गेलेली, म्हणून मीच त्याला शहरात नेलं.

डॉक्टरांनी डोळा काढला, हातमोज्याच्या बोटांत चोळून बघितला. “कशात ठेवत होतास?”

“लिंबाच्या पाण्यात.”

“कुणी सांगितलं?”

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. “कुणी न्हाई. मीच केलं.”

मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत उभी राहिले. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे सांगत होते, की प्रयोगशाळेतला अर्क मोजूनमापून केलेला असतो, आणि उकळलेला पाला दोन दिवस बाटलीत राहिला की त्यातच जंतू पोसतात. सांगत होते त्याला. ऐकत होते मी.

खोबण बरी व्हायला दोन महिने गेले. तेवढ्यात ती आकसली, डोळा बसेना, नवा करावा लागला. पैसे मी दिले. “कामून द्यायलाव, बाई?” जाऊ म्हणाली. असू दे म्हणाले. तिला माहीत होतं. आजवर एका शब्दानं बोलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोष शिळ्या पाण्याचा, लिंबाचा कुठे? मीही स्वतःला हेच सांगत आले. माझ्या दारात बोअर होती, पाला रोज ताजा होता, मला काही झालं नाही. पण नऊ वर्षं मी आधी साबण लावत होते. काम साबणानं केलं की लिंबानं, हे एकदाही तपासलं नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. आणि त्या पोराला साबणाचं सांगितलं होतं का, तेही आठवत नाही.

आज मी काय करते? हात धुऊन, बिनवासाचा साधा साबण, उकळून गार केलेलं पाणी. रोज काढत नाही, सारखं काढघाल केल्यानंच खोबण चिडते. स्पिरिट नाही, त्यानं ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. उकळतं पाणी नाही. वर्षातून एकदा पॉलिश, कारण ओरखडे हेच बुरशीचं घर. पू किंवा वास आला तर डॉक्टर, त्याच आठवड्यात.

हळद-लिंबाचं मोजून केलेलं, माणसाच्या खोबणीत तपासलेलं द्रावण कुणी आणलं तर पहिली बाटली मी घेईन. ही आशा मी सोडलेली नाही, सोडायची का तेही कळत नाही.

पॉलिशला मी त्याच डॉक्टरांकडे जाते. ते दर वेळी विचारतात, “तुमचा तो पुतण्या कसा आहे? लिंबाचं पाणी करणारा?” बरा आहे, कॉलेजात आहे, असं सांगते. अजून तेवढंच सांगते.