पाणी आलं म्हणून मशीन ठासून भरू नका

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, मधे दिवस जातात, त्यामुळं पाण्याच्या दिवशी घरोघरी धुण्याचा ढीग असतो आणि तो सगळाच्या सगळा एका खेपेत मशीनमधे कोंबला जातो. म्हणणं एकच, पाणी वाचतं. वाचत नाही ओ. असे कपडे बाहेर काढून जरा नीट बघा, शर्टाच्या कॉलरवरची काळी रेघ तशीच, काळ्या पँटवर पावडरीचे पांढरे पट्टे, गठ्ठ्यात मधोमध अडकलेल्या बनियनला तर धड साबणसुद्धा लागलेला नसतो, मग परत बादलीत खळबळायला पाणी जातंच की.

फ्रंट लोडमधे, म्हणजे समोर दार असलेल्या मशीनमधे, कपडे ड्रमबरोबर वर जातात आणि खाली पडतात, त्या आपटण्यानंच मळ निघतो, दगडावर धुणं आपटतात तसंच आहे ते. पडायला जागाच नसली तर सगळा गठ्ठा नुसता गोल फिरतो. म्हणून कपडे भरून झाले की वरच्या मोकळ्या जागेत उभा तळहात सहज जातोय का बघायचं, नाही गेला तर दोन-चार कपडे बाहेर काढायचे. टॉप लोडमधे, म्हणजे वरून झाकण असलेल्या मशीनमधे, कपडे सुटे सुटे करून सगळीकडं सारखे टाका, हातानं दाबू नका, साडी किंवा बेडशीट मधल्या दांड्याभोवती गुंडाळून तर अजिबात नको. आणि मशीन 7 किलोची म्हणजे 7 किलो कोरडे कपडे, तेही सुती प्रोग्रामला, सिंथेटिक किंवा क्विक वॉशला आकडा बराच खाली येतो, मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं पण ते पुस्तक उघडतंय कोण!

आता आपली चादर. एकटी सोलापुरी चादर टाकली की ती पाणी पिऊन जड होते, एका बाजूला गोळा होते आणि स्पिनला मशीन धडधडायला लागतं, मग मशीन थांबतं, बऱ्याच मशीन परत पाणी घेऊन कपडे पसरायचा प्रयत्न करतात, म्हणजे तिथंही पाणी गेलंच. जोडीला एक-दोन टॉवेल टाका, वजन सारखं वाटलं जातं. चादर नवी आणि गडद असेल तर टॉवेलपण गडदच घ्या, पहिल्या काही धुण्यांत रंग सुटतो. घडी घातलेली चादर तशीच आत ढकलू नका, झटकून मोकळी करा मगच टाका.

चेन लावून घ्या, खिसे तपासा, नाड्या आणि हुकवाले कपडे जाळीच्या पिशवीत. हे सगळ्यांना माहितीच आहे.

टॉवेलच्या गावात राहून एक सांगावंसंच वाटतं, टॉवेलच्या लोडला सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. बोअरच्या जड पाण्यानं टॉवेल कडक होतात हे खरंय, त्या पाण्यात साबणाचं काम कमी होतं म्हणून पावडर थोडी जास्त लागते, पण फेसाचा डोंगर होईल इतकी नको, जास्त फेसात कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत. फ्रंट लोडला तर कमी फेसाचीच पावडर वापरा, टॉवेल वाळत घालायच्या आधी दोन-तीनदा जोरात झटका, आणि उन्हाळ्यात दुपारभर कडक उन्हात ठेवू नका, वाळले की लगेच काढा.