चढावर झटके, उतारावर शहाणी: घाटातल्या दोन दिवसांचा वृत्तांत

चार माणसं, डिकी गच्च, घाटाचा खडा चढ आणि गाडी तिसऱ्या गिअरला. ॲक्सिलरेटर दाबला तशी गाडीनं एक झटका दिला, मग दुसरा, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागून भाऊ म्हणाला, "पेट्रोलमध्ये पाणी असणार." टाकी सकाळीच भरली होती, त्यामुळे मलाही ते पटलं. गाडी बिघडली की पहिला आळ पेट्रोलवरच येतो.

कडेला घेतली. उभी असताना इंजिनचा आवाज अगदी एकसारखा. आधीच्या उतारावरही तक्रार नव्हती. झटके फक्त ओझं पडल्यावर. इथे पेट्रोलवरचा माझा संशय सैल झाला. ओझ्याखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. दमलेली कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) किंवा झिजलेला प्लग (ठिणगी पाडणारा भाग) सपाटीवर निभावून नेतो, चढावर उघडा पडतो.

दिवा स्थिर असेल, तापमानाचा काटा आणि ऑइल ठीक असेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणारा दिवा मात्र मनावर घ्या: न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापवत असतं, आणि तो भाग खिसा रिकामा करतो. आम्ही वळणावरच उभे होतो, म्हणून अगदी हलक्या पायानं माथ्यापर्यंत नेली.

माथ्यावर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर लावला. (जॅक विसरलात तरी चालेल म्हणणार नाही, पण हा विसरू नका.) कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. इंजिन थंड होऊ दिलं, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवली, कोड पुसला आणि थोडा चढ पुन्हा चढवला. आता पी०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे गुन्हेगार कॉइलच. कोड दोनवरच राहिला असता तर आधी प्लग, मग इंजेक्टर बघितला असता. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तरच ही अदलाबदल जमते. नवी कॉइल मुक्कामी बसवली.

धुराकडेही लक्ष होतं, पण तो दिसला नाही. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. गरम इंजिनातूनही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घटत असेल, तर हेड गॅसकेटची (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलची) शंका घ्या.

परतीला वेगळंच. वाहतूक तुंबली की तापमानाचा काटा वर, गाडी पळायला लागली की खाली. पळताना वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. उलट घडलं असतं, म्हणजे वेगात किंवा चढावर काटा चढला असता, तर कमी कूलंट, तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्यावर संशय घेतला असता. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनची उष्णता केबिनमधून निघते. घामाघूम झालो, पण काटा उतरला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर येतं.

पंख्याचा फ्यूज जळला होता. तेवढ्याच अँपिअरचा घातला आणि पंखा फिरला. पुन्हा जळला असता तर मोटर जाम होतेय का, हे बघावं लागलं असतं.