आयुष्मान कार्ड चालू ठेवताना: रेशन, आधार आणि केवायसीचा माझा अनुभव

आयुष्मान कार्डाला गाडीच्या विम्यासारखी दरवर्षी संपणारी मुदत नाही. हप्ता नाही, नूतनीकरणाचा अर्ज नाही. वर्ष पालटलं की कुटुंबाची मोफत उपचारांची ५ लाखांची मर्यादा आपोआप पुन्हा पूर्ण होते. तरीही पेशंट दाखल करताना ‘तुमचं नाव दिसत नाही’ हे वाक्य ऐकावं लागतं. महाराष्ट्रात बहुतेकांची पात्रता रेशन कार्डावरून ठरते आणि माणसाची ओळख आधारवरून. घरात लग्नं होतात, मुलं होतात, माणसं जातात, मोबाइल नंबर बंद पडतात. कागद मात्र जिथल्या तिथे राहतात. या दोन नोंदी जुळत्या ठेवणं, हेच आपल्याकडचं रिन्यूअल. कार्डं काढून देताना मी ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने लिहिते.

आधी एक गैरसमज. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळायला’ असं अजून ऐकू येतं. राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासकट सगळे रेशन कार्डधारक तिच्यात आले. त्यामुळे रंगावरून हार मानू नका.

मी पहिल्यांदा रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मागते. हातात जुनं पुस्तक असतं, त्यावर सहा नावं असतात आणि ऑनलाइन चारच निघतात. योजना बघते ती ऑनलाइन नोंद. म्हणून आधी प्रत्येक नाव आणि त्याला जोडलेला आधार तपासायचा, मग प्रत्येकाची रेशनची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, झाली आहे का ते बघायचं. ती दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन होते, किंवा ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून. ॲपसाठी ‘आधार फेस आरडी’ हे दुसरं ॲपही फोनमध्ये लागतं. ते नसलं की कॅमेराच उघडत नाही. रेशनची केवायसी आणि आयुष्मानची केवायसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक केली की दुसरी झाली, असं समजू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

आता आयुष्मान ॲप. लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत जायचं. राज्य, योजना, जिल्हा निवडून आधार नंबरने शोधायचं. नाव निघालं की खाली घरातल्या सगळ्यांची यादी येते आणि प्रत्येकासमोर केवायसीची स्थिती दिसते. आधारने नाव निघालं नाही तर कुटुंबाच्या नंबरने किंवा गाव निवडून नावाने शोधा. रेशनला आधार जोडलेला नसेल तर नाव असं सापडतं. मग केवायसी: आधारचा ओटीपी, अंगठा, डोळ्याची बाहुली किंवा चेहरा. शेवटी जागेवर फोटो काढायचा, पत्ता आणि मोबाइल भरायचा, पाठवायचं.

यानंतर प्रणाली आधारवरचं नाव, जन्मसाल, लिंग वगैरे मूळ नोंदीशी ताडून गुण देते. साधारण ८० च्या वर गुण आले तर कार्ड लगेच मंजूर होतं. कमी आले तर अर्ज तपासणीला जातो आणि तिथे अडकतो किंवा नाकारला जातो. गुण कशाने पडतात ते ठरलेलं आहे. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, रेशनवर नुसतं ‘लक्ष्मी’. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. बाईच्या नावापुढे इथे नवऱ्याचं नाव, तिथे वडिलांचं. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका: ‘विठ्ठल’मध्ये एका ठिकाणी दोन टी, दुसऱ्या ठिकाणी एकच. त्यात जुन्या माणसांचं जन्मसाल रेशनवर अंदाजाने टाकलेलं.

अर्ज नाकारला गेला तर पुन्हा केवायसी करण्याचा पर्याय तिथेच असतो. लोक तो तसाच दाबतात आणि पुन्हा तेच उत्तर येतं. आधी चूक कुठल्या कागदात आहे ते ठरवा. आधार बरोबर असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेतून रेशनची नोंद दुरुस्त करून घ्या. शक्य तिथे मी रेशनच बदलायला सांगते, कारण आधारला बँक, पॅन, पेन्शन सगळं जोडलेलं असतं. ते हलवलं की दहा ठिकाणी निस्तरावं लागतं.

ओटीपी येत नसेल तर नव्वद टक्के वेळा आधारला जुना नंबर असतो. तो आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. म्हाताऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसांचे अंगठे लागत नाहीत. बोट धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघा. नाही तर सरळ चेहऱ्यावर जा. त्यासाठी उजेड समोरून हवा. दाराकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि ॲप घेत नाही. पापण्या मिचकावायला सांगतं तेव्हा चष्मा काढून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतातच, तिथे ओटीपी हाच मार्ग.

घरातली माणसं बदलली की रेशन पहिलं बदलायचं. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करायचा अर्ज नमुना ९, सासरी चढवायचा नमुना ८. मधल्या काळात ती कुठल्याच कार्डात नसते, म्हणून कमी केल्याचा दाखला हातात पडला की त्याच आठवड्यात सासरचा अर्ज टाका. बाळंतपण जवळ आलेलं असेल तर तर अजिबात रेंगाळू नका. नवजात बाळाचं नाव रेशनवर नसलं तरी उपचार अडत नाहीत. जन्माचा दाखला, आईवडिलांपैकी एकाचं रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. त्या भरवशावर नाव चढवायचं मात्र ठेवू नका.

सत्तरी ओलांडलेल्यांचं वेगळं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. इथे रेशन बघत नाहीत, वय फक्त आधारवरून धरतात. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळी ५ लाखांची मर्यादा मिळते, म्हणून जुनं कार्ड असलं तरी हे काढाच. आधारवरची जन्मतारीख चुकली असेल तर पुरावा नीट जमवून मगच दुरुस्तीला जा. ही दुरुस्ती एकदाच करता येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्ये असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

कार्ड तयार झालं की पीडीएफ फोनमध्ये ठेवा. कार्डाला सरकारी शुल्क नाही. प्लास्टिकच्या छपाईचे कुणी पैसे घेत असेल तर ती छपाई, कार्ड नव्हे. ‘कार्ड बंद होणार’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नका.

दवाखान्यात जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: दवाखाना योजनेत आहे का, आणि *या आजारासाठी* आहे का. हाडांच्या उपचारांसाठी जोडलेल्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन योजनेतून होणार नाही. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. नुसती ओपीडी यात बसत नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर नोंद करा. आधी रोखीने दाखल होऊन नंतर योजनेत घ्या म्हटलं की वाद सुरू. उपचाराची पूर्वमंजुरी आरोग्यमित्रामार्फत जाते, तातडीच्या पेशंटसाठी फोनवर कळवून मंजुरीची सोय आहे. नाव दिसत नाही असं सांगितलं तर तिथूनच १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी समाधानपत्रावर सही घेतात. आत पैसे घेतले गेले असतील तर सही करण्याआधी ते त्यात लिहा आणि पावत्यांचे फोटो काढून ठेवा.