व्हीगन ब्रेड घेताना पाकीट उलटं करून बघाच
व्हीगन म्हणजे दूध, अंडं, मध असं प्राण्यांकडून आलेलं काहीच नको. ब्रेडला खरं तर पीठ, पाणी, यीस्ट, मीठ एवढंच लागतं, पण पाकीट उलटं केलं की बारीक अक्षरांत मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर (दुधाच्या निवळीची पूड), कधी मध असं काय काय निघतं, आणि ब्राऊन किंवा मल्टिग्रेन लिहिलंय म्हणजे दूध नसेलच असं अजिबात नाही. मला सगळ्यात जास्त त्रास ४७१ नंबरचा होतो, हे इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) वनस्पती तेलातूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीतूनही, आणि कशातून बनवलंय ते बरेचदा लिहितच नाहीत, मग सरळ कंपनीला मेल टाकायचा, विचारायला लाजायचं कशाला? वरून चकचकीत बन असेल तर अंडं किंवा दूध लावलेलं असू शकतं. 'दुधाचा अंश असू शकतो' ही सूचना मात्र ॲलर्जीवाल्यांसाठी असते, तेवढ्यावरून मी ब्रेड परत ठेवत नाही.