तुम्ही विचारलंत म्हणून : ‘फास्ट’चा पक्केपणा

इंग्रजी शिकवणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘फास्ट’ म्हणजे जलद, तर ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपेत कसे, आणि उपवासालाही ‘फास्ट’च का म्हणायचे? हे तीन वेगळे शब्द असून केवळ उच्चाराने जुळले असावेत, अशी विचारणाऱ्याची बहुधा समजूत असते. प्रत्यक्षात तिन्ही एकाच मुळाचे आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ ‘घट्ट, पक्का’ असा असून वेगाचा त्यात मागमूसही नाही.

जुन्या इंग्रजीत ‘फॅस्ट’ म्हणजे जागचे न हलणारे. जर्मन भाषेतील ‘फेस्ट’ आजही त्याच अर्थाचा आहे. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे अढळ, आणि धुतल्यावर न जाणाऱ्या ज्या रंगाला इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणतात तो म्हणजे आपल्या कापडदुकानातला ‘पक्का रंग’. गाढ झोपलेल्या माणसालाही झोपेने असेच घट्ट धरलेले असते.

मग जागचा न हलणारा हा शब्द धावू कसा लागला? क्रियाविशेषण म्हणून त्याचा अर्थ ‘घट्ट’वरून ‘नेटाने, ताकद लावून’ असा झाला, आणि नेटाने धावणे म्हणजे भरभर धावणे, हे मध्ययुगीन इंग्रजीत ओघानेच आले. ‘जलद’ या अर्थाचे विशेषण त्यामागून रूढ झाले. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये, कारण ‘गाडी जोरात चालवू नकोस’ असे बजावताना आपणही नाव बळाचे घेतो आणि काळजी वेगाची करतो. (जर्मनमध्ये मात्र ‘फास्ट’ या रूपाचा अर्थ सरकत सरकत ‘जवळजवळ’ असा झाला, त्यामुळे दोन्ही भाषा शिकणाऱ्यांची फजिती होते.)

राहिला उपवास. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने ज्या गॉथिक भाषेत (इंग्रजीच्या एका जुन्या, आता लुप्त झालेल्या भाऊबंद भाषेत) बायबल आणले, तिच्यातील ‘फास्टन’ या क्रियापदाचा अर्थ धरून ठेवणे, पाळणे आणि उपवास करणे, असा तिहेरी आहे. आपणही व्रत ‘पाळतो’, उपवास ‘धरतो’ आणि मग तो ‘सोडतो’. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे हे सोडणेच, रात्रभराच्या उपवासाचे. फास्ट लोकल गाठण्यासाठी उभ्याउभ्या उरकलेल्या न्याहारीवरून तो शब्द आलेला नाही, हे मला दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला तरी सांगावे लागते.