एका भांड्यातला पास्ता, पुढची नोंद: राजमा-पेने आणि पाण्याचं माप

सध्या जमलेलं माप आधी देतो, म्हणजे आज रात्रीच करायचा असेल त्यांना खाली शोधत बसायला नको. हे चार जणांना पोटभर होतं.

पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) २५० ग्राम, म्हणजे पाचशेच्या पाकिटातला अर्धा. कोरडा राजमा १०० ग्राम. भिजवून शिजवला की सव्वादोनशेच्या आसपास भरतो. टोमॅटो ४०० ग्राम, मोठा कांदा एक, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, गाजर एक, सिमला मिरची एक. तेल दोन मोठे चमचे, काश्मिरी तिखट एक चहाचा चमचा, ओरेगॅनो तेवढंच, मीठ सपाट एक चमचा, वरून किसलेलं चीज ५० ग्राम. पाणी कढईत ६०० मिली आणि कुकरमध्ये ४५०. पाणी सोडून बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी पास्ता खाण्याजोगा होतो.

मागच्या नोंदीत पाण्याचा एकच आकडा होता. आता कढई आणि कुकर वेगळे केलेत, त्यामागचा हिशोब असा. २५० ग्राम पेने शिजून साधारण साडेपाचशे ग्राम होतो, म्हणजे तीनशे मिली पाणी तो स्वतःच पितो. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं, त्यामुळे ४०० ग्राम टोमॅटो पावणेचारशे मिली पाणी घेऊनच भांड्यात येतात. त्यातलं थोडं परततानाच उडतं. रस्सा म्हणून शेवटी तीन-चारशे मिली उरायला हवं. कुकर बंद असल्याने वाफेवाटे फारसं जात नाही. कढईतून मात्र बारा-चौदा मिनिटांत दीडशे ते दोनशे मिली सहज जातं. ही सगळी मापं २६ सेंटीमीटरच्या जाड बुडाच्या कढईची आहेत. तुमची कढई जास्त पसरट असेल तर पन्नास-शंभर मिली वाढवा, उभं पातेलं असेल तर तेवढंच कमी करा.

पाणी फेकायचं नसतं, म्हणूनच ते मोजायचं. नेहमीच्या पद्धतीत पास्त्यातून सुटलेला स्टार्च गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातो आणि मग सॉस दाट करायला मैदा नाहीतर क्रीम शोधावं लागतं. इथे तो स्टार्च भांड्यातच राहतो. आपल्याकडे वरणफळांत वरण कणकेच्या पिठाने आपोआप मिळून येतं, तसंच हे. इटलीतही पास्ता रस्स्यातच शिजवण्याची रीत आहे. बारी शहरातली स्पॅगेटी आल्लास्सासिना टोमॅटोचं पाणी पळीपळीने घालत लोखंडी तव्यात करपेपर्यंत शिजवतात, आणि कडधान्य घातलेला पास्ता ए फाजोली तर तिथलं रोजचं जेवण. त्यामुळे ‘एका भांड्यात म्हणजे शॉर्टकट’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मिठाचंही असंच. पास्ता उकळून गाळायचा असेल तर लिटरला दहा ग्राम मीठ चालतं, कारण बरंचसं वाहून जातं. इथे घातलेलं प्रत्येक चिमूट ताटात येणार. शिवाय चीजमध्ये मीठ असतं, केचप घालणार असाल तर त्यातही. म्हणून आधी सपाट एक चमचाच घालायचं आणि चीज विरघळल्यावर चव बघायची. पास्ता खारट झाला की बटाटा घालून वगैरे काही साधत नाही. थोडा कोरा पास्ता आणि पाणी वाढवणं एवढाच उपाय, आणि मग तो सहा जणांचा होतो.

आता कृती, कढईची. तेलात कांदा गुलाबी करा, लसूण नंतर घाला. आधी घातला तर कांदा होईपर्यंत तो करपतो. गाजर, मग तिखट, आणि तिखटावर लगेच चिरलेले टोमॅटो. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटांत टोमॅटो मोडून कडेने तेल सुटायला लागतं. इथे थांबून नीट बघायचं. बुडाला तांबूस थर धरलेला असतो. सहाशेपैकी अर्धा कप पाणी ओतून तो उलथन्याने पूर्ण खरवडून घ्या. पुढे पास्ता खाली लागतो तो बहुतेक वेळा या थरामुळेच, आच मोठी होती म्हणून नाही. मग उरलेलं पाणी, मीठ, ओरेगॅनो, आणि खळखळून उकळी आल्यावरच पेने.

पहिली दोन मिनिटं हात सोडायचा नाही. पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च गरम पाण्यात चिकट होतो आणि तेव्हा दोन पेने एकमेकांना लागले की मधली बाजू कच्ची राहते. दोन मिनिटांनंतर मात्र सारखं ढवळलं तर पेने फुटतात, तेव्हा तीन-चार मिनिटांनी एकदा बुडापासून फिरवलं तरी पुरे. झाकण पूर्ण लावू नका, फेस येऊन गॅसवर उतू जातं. उलथनं आडवं ठेवून त्यावर झाकण कलतं ठेवा. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला राजमा आणि सिमला मिरची घाला आणि एक पेने मधोमध कापून बघा. मध्ये पांढरा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला की गॅस बंद. रस्सा तेव्हा पातळ वाटेल, वाटू द्या. पाच मिनिटं झाकून ठेवला की ठिपका जातो आणि रस्सा पेन्याला धरतो. गॅसवरच हवा तेवढा दाट केला तर ताटात येईपर्यंत त्याचा गोळा होतो.

मिनिटांवर फार विसंबू नका, हे ठाणे-नवी मुंबईसाठी मुद्दाम लिहितोय. एका घरात पाइपचा गॅस, शेजारच्या घरात सिलिंडर, दोन्हींच्या बर्नरची जेट वेगळी आणि ‘मध्यम आच’ दोन्हीकडे वेगळी. तोच हात, तीच कढई, तरी उकळी यायला लागणारा वेळ बदलतो. पाकिटावरची मिनिटं उकळी आल्यावर मोजा आणि शेवटी कापलेल्या पेन्यावर भरवसा ठेवा.

कुकरबद्दल बरेच प्रश्न आले होते. स्पष्ट मत: कुकर वेळ फारसा वाचवत नाही, लक्ष वाचवतो. मुलांचा अभ्यास घेताना किंवा उद्याचा डबा चिरताना तो बरा. पाच लिटरच्या कुकरला हे माप बसतं. तीन लिटरमध्ये करू नका. फेस येणारे पदार्थ कुकरमध्ये अर्ध्याच्या वर भरायचे नसतात. पास्त्याचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती तुंबू शकते, म्हणून झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा आणि पाण्यात एक चमचा तेल सोडा. बूड खरवडून झालं की पाणी, त्यावर पेने, आणि चमच्याने दाबून सगळे पेने पाण्याखाली. यानंतर ढवळायचं नाही. मध्यम आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस बंद, चार-पाच मिनिटं थांबा, उरलेली वाफ शिट्टी जराजरा उचलत सोडा. शिट्टीतून फेसाळ पाणी येऊ लागलं तर लगेच खाली ठेवून आणखी मिनिटभर थांबा. पूर्ण वाफ आपोआप जाईपर्यंत ठेवलात तर पेने मऊ पडतो, कारण आत तोवर शंभर अंशांच्या वर तापमान असतं. एल्बो मॅकरोनी कुकरमध्ये घालूच नका. सात-आठ मिनिटांत शिजणारी वस्तू तिथे लगदा होते.

राजमा कधीही टोमॅटोबरोबर शिजायला टाकू नका. आंबटपणात कडधान्याचं साल आणि गर मऊ पडायला फार वेळ लागतो, तोवर पास्त्याचं पीठ झालेलं असतं. सकाळी लोकल पकडायच्या आधी भिजत घातला तर संध्याकाळपर्यंत आठ-दहा तास होतात. भिजवलेलं पाणी टाका, ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ करा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो, तो विषय चवीचा नाही. त्याहून सोपं म्हणजे रविवारी अर्धा किलो शिजवून, सव्वादोनशे-सव्वादोनशे ग्रामचे डबे करून फ्रीझरमध्ये. शिजवलेलं पाणी फेकू नका, सहाशे मिलीत तेही धरा. घाई असेल तर चवळी. ती चार तासांत भिजते.

टोमॅटो वाशीच्या एपीएमसीतून आलेले असोत की जांभळी नाक्यावरचे, लांबट हायब्रीड आणि गोल गावठी यांत फरक करावा लागतो. गावठी आंबट आणि पाणीदार, त्यात अर्धा चमचा साखर लागते आणि पाणी पन्नास मिली कमी. हायब्रीड गरदार, पण चव फिकी; त्यात चमचाभर टोमॅटो प्युरे घातली की रंग आणि चव दोन्ही सावरतात.

पाकीट घेताना पुढची चित्रं सोडा आणि मागचे घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा हवा, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला. त्यातलं घट्ट ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, स्टार्चला धरून ठेवतं, म्हणून दोन मिनिटं जास्त झाली तरी पेने उभा राहतो. मैद्याचा पास्ता वेगळ्या पाण्यात एकवेळ निभावतो, पण या पद्धतीत त्याची खळ होते. एकदा पाकीट फोडलं की पावसाळ्यात ते घट्ट डब्यात ठेवा, रव्याला लागतात तेच किडे याला लागतात.

चीज नेहमी गॅस बंद केल्यावर. अमूलसारखं प्रोसेस्ड चीज रस्स्यात एकजीव होतं, कारण त्यात त्यासाठीचे क्षार घातलेले असतात. मोझरेला तारा काढतो आणि चमच्याला गोळा होऊन येतो, तो वाढताना वरूनच बरा. दूध घालून पांढरट करायचा मोह आवरा. आंबट रस्सा उकळत असताना ते फाटतंच.

घरात सगळे एका वेळी जेवत नाहीत, ही इथली खरी अडचण. एक जण साडेआठला, दुसरा पनवेल गाडी उशिरा आली म्हणून दहाला. उशिरा येणाऱ्याचा वाटा ठिपका अजून मोठा असतानाच, भरपूर रस्स्यासकट बाजूला काढा, कोमट झाला की फ्रिजमध्ये. आल्यावर शंभर मिली पाणी घालून झाकून तीन-चार मिनिटं खळखळून गरम करा. दमट हवेत ओट्यावर झाकून ठेवायचा नाही, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. सकाळच्या डब्यालाही हीच रीत, फक्त पाणी अर्धं.

पुढच्या खेपेला राजम्याऐवजी सोललेल्या वालाच्या डाळिंब्या. त्या कांद्यानंतर, टोमॅटोच्या आधी, वाटीभर पाण्यात निम्म्या शिजवून घ्यायच्या असा बेत आहे. तीच वाटी सहाशेतून वजा. तिखटाऐवजी हिरवी मिरची, ओरेगॅनो निम्मा, आणि चीज वीस ग्रामच्या वर नाही, नाहीतर वालाचा कडवटपणा, ज्यासाठी ते घालायचे, तोच झाकला जाईल.